टोकियोतला मराठी नगरसेवक: योगेंद्र पुराणिक आणि एदोगावाच्या राजकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईला राहतो, त्यामुळे गावाकडच्या ग्रुपवर योगेंद्र पुराणिक इथे निवडून आल्याची जुनी बातमी फिरायला लागली की पंधरा-वीस मेसेज मला येतातच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं नीट लिहून काढली. जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. योगेंद्र पुराणिक म्हणजे नेमके कोण?

मूळचे महाराष्ट्रातले, पुण्यात शिकलेले. १९९७ मध्ये पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून जपानला आले, मग २००१ मध्ये नोकरीसाठी परत आले आणि इथलेच झाले. आयटी आणि बँकिंगमध्ये त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २००५ पासून टोकियोच्या एदोगावा भागात राहिले, २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं आणि २१ एप्रिल २०१९ ला एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीत ६,४७७ मतं घेऊन निवडून आले. ४४ जागा होत्या आणि मतांच्या क्रमात त्यांचा नंबर पाचवा होता. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडणूक जिंकून पदावर बसला असं याआधी कधी झालं नव्हतं. इथे सगळे त्यांना 'योगी' म्हणतात, निवडणुकीतही हेच नाव होतं (का ते प्रश्न ६ मध्ये).

२. ते आमदार होते का खासदार? पेपरमध्ये तर 'जपानच्या संसदेत मराठी माणूस' असं वाचलं होतं.

नाही हो, संसदेत नाही. हा गोंधळ इतका पसरलाय की आधी तोच दूर करू.

जपानमध्ये वर संसद आहे, तिला 'कोक्काई' म्हणतात. त्याखाली ४७ प्रांत, प्रत्येकाची आपली असेंब्ली आणि गव्हर्नर, आणि त्याखाली शहरं, गावं, खेडी. टोकियो हा त्या ४७ पैकीच एक प्रांत आहे आणि त्याच्या मधल्या भागात २३ विशेष वॉर्ड आहेत, त्यांना 'कु' म्हणतात. आता 'वॉर्ड' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर महापालिकेतला प्रभाग येतो आणि तिथेच फसगत होते. एदोगावा-कु हा एकटा जवळपास ७ लाख लोकांचा आहे, त्याला स्वतःचा थेट निवडलेला महापौर आहे, स्वतःचं बजेट आहे. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने ती एक मध्यम महापालिकाच. त्यामुळे योगी हे 'नगरसेवक' होते, हा शब्द सगळ्यात जवळचा.

आमदार म्हणायचं तर टोकियो महानगर असेंब्लीच्या सदस्याला म्हणता येईल. तिथेही ते उभे राहिले होते, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

३. एदोगावामध्ये एवढे भारतीय कसे काय जमा झाले?

यामागे एक रेल्वेलाइन आहे. तोझाई लाइन, नावाचाच अर्थ पूर्व-पश्चिम. निशी-कासाई स्टेशन १९७९ मध्ये सुरू झालं आणि तिथून ओतेमाचीला, म्हणजे टोकियोच्या बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या भागात, पाव तासात पोचता येतं. २००० साल जवळ आलं तेव्हा कॉम्प्युटरमधल्या तारखांचा घोळ निस्तरायला भारतातून इंजिनियर मोठ्या संख्येने आले, कामाची ठिकाणं ओतेमाचीच्या आसपास, आणि घर शोधताना सगळ्यांना एकच अडचण, की घरमालक परदेशी माणसाला घर द्यायला तयार नाहीत आणि गॅरंटर मागतात. निशी-कासाईत सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या सोसायट्या होत्या, तिथे गॅरंटर नको, घरमालकाला द्यायची 'आभाराची' रक्कम नको. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

त्यांच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, जगमोहन चंद्राणी नावाचे चहाचे व्यापारी या भागात राहत होते, नवीन आलेल्या पोरांना घर मिळवून देण्यापासून शाकाहारी जेवणापर्यंत त्यांनी मदत केली आणि पुढे एदोगावातल्या भारतीयांची संघटनाही उभी केली. मग भारतीय शाळा आल्या, किराणा आला, दुर्गापूजा-दिवाळी आली. २०१९ च्या सुमाराला जपानमधल्या भारतीयांपैकी साधारण दहा टक्के लोक या एका वॉर्डात होते, म्हणजे चार हजारांच्या वर.

४. मग सरळ आहे ना, आपल्या लोकांच्या मतांवरच ते निवडून आले असणार!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो हाच. उत्तर आहे, नाही. अजिबात नाही.

जपानमध्ये मतदान फक्त जपानी नागरिकाला करता येतं. निशी-कासाईच्या स्टेशनबाहेर जे शेकडो भारतीय चेहरे दिसतात त्यातल्या जवळपास कोणालाच मत नाहीये, वीस वर्षं राहिले असले, कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असला, घर विकत घेतलं असलं तरी नाही. ज्यांनी नागरिकत्व घेतलंय असे भारतीय अगदी थोडे. आणि त्या चार हजारांत लहान मुलंही आलीच. म्हणजे ते ६,४७७ कागद जवळपास सगळेच्या सगळे जपानी माणसांनी भरले होते. रेल्वेत शेजारी बसणारे आजोबा, शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या आया, दुकानदार, सोसायटीतले शेजारी.

आपला माणूस जिंकला याचा आनंद मलाही झाला होता, खूप झाला होता. पण 'मराठी माणसाने जपान जिंकलं' असं जेव्हा कोणी पाठवतं तेव्हा मला वाटतं की यात ज्या लोकांनी मत दिलं त्यांचा उल्लेखच राहून जातो. ज्या देशात परदेशी नाव असलेल्या माणसाला भाड्याने घर मिळणं अवघड होतं, तिथे साडेसहा हजार लोकांनी आपल्या हाताने त्याचं नाव लिहिलं. 'हाताने' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, प्रश्न ६ बघा.

५. ४४ नगरसेवक एकाच मतदारसंघातून? हे कसं चालतं?

हो, अख्खा एदोगावा-कु हा एकच मतदारसंघ. जागा ४४, उमेदवार त्याहून जास्त, आणि प्रत्येक मतदाराला मत मात्र एकच. ज्यांना सगळ्यात जास्त मतं पडली ते वरून ४४ जण निवडून येतात. पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग असतो आणि मतदार चार मतं देतो, तसं हे नाही.

याचा परिणाम काय होतो ते लक्षात घ्या. जिंकायला ५१ टक्के लागत नाहीत, काही हजार पक्की मतं पुरतात. त्यामुळे मोठ्या पक्षांनाही आपली मतं आपल्याच उमेदवारांमध्ये वाटावी लागतात, नाहीतर एकाला ढीगभर पडतात आणि दुसरा पडतो. आणि ज्याची एका मोहल्ल्यात, एका शाळेत, एका व्यवसायात ओळख आहे अशा माणसालाही दार उघडं राहतं. बाहेरून आलेल्या माणसासाठी जपानमध्ये राजकारणात शिरायची सगळ्यात शक्य वाट वॉर्डाची निवडणूकच आहे, ती या पद्धतीमुळे.

मतदानाचा टक्का मात्र कमी असतो. २०१९ मध्ये टोकियोच्या वॉर्डांत निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केलं.

६. ईव्हीएम नाही का? आणि नाव 'योगी' असं का लावलं?

नाही, मशीन नाही, चिन्ह नाही, शिक्काही नाही. मतदाराला कोरा कागद मिळतो आणि छोट्या कप्प्यात उभं राहून पेन्सिलीने उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं असतं. समोर उमेदवारांच्या नावांची यादी लावलेली असते ती बघून लिहिता येतं. कागद साधा नसतो, प्लास्टिकसारख्या गुळगुळीत सिंथेटिक कागदाचा असतो, घडी घालून पेटीत टाकला की आत तो आपोआप उलगडतो, त्यामुळे रात्री मोजणाऱ्यांचा घड्या उघडायचा वेळ वाचतो. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो.

आता विचार करा, ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना पेन्सिलीने 'पुराणिक योगेंद्र' लिहायचंय. परदेशी नावं जपानीत कटकटीने लिहिली जातात, अक्षरं वाढतात, चुका होतात. कायदा उमेदवाराला आपलं रोजच्या वापरातलं नाव अर्ज करून लावायची परवानगी देतो. त्यांनी हिरागाना लिपीत दोनच अक्षरं ठेवली, 'यो' आणि 'गि'. पहिलीतलं पोरही लिहू शकेल अशी. जपानी उमेदवारही हेच करतात बरं का, अवघड कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, सोडून नाव हिरागानात लावतात.

नियम बारीक आहेत. नावापुढे 'सान', म्हणजे आपल्या 'जी'सारखं, लिहिलं तर चालतं, पदवी किंवा व्यवसाय लिहिला तरी चालतं. पण 'गानबारे', म्हणजे जोर लावा, असं काही प्रेमाने लिहिलं की मत बाद.

७. निकालात ०.५ किंवा .३२७ अशी मतं दिसतात, ती छपाईची चूक असते का?

चूक नाही. दोन उमेदवारांचं आडनाव सारखं असलं आणि मतदाराने नुसतं 'सातो' लिहिलं तर ते मत फेकून देत नाहीत. त्या दोघांना बाकी जी स्पष्ट मतं मिळाली असतील त्याच प्रमाणात हे मत वाटून टाकतात, म्हणून अपूर्णांक. आपल्याला विचित्र वाटतं, पण हाताने लिहायची पद्धत म्हटल्यावर हे ओघानेच आलं.

८. प्रचार कसा करतात? घरोघरी जाऊन?

घरोघरी जाणं बेकायदेशीर आहे! १९२५ पासूनच बंदी आहे. लाच देणं, दबाव टाकणं होऊ नये म्हणून. आपल्याकडे प्रचार म्हणजे दारोदार फिरणं, आणि इथे नेमकं तेच करायचं नाही.

वॉर्डाच्या निवडणुकीला प्रचाराचे दिवस फक्त सात. २०१९ मध्ये १४ एप्रिलला सुरुवात आणि २१ ला मतदान. त्या सात दिवसांत काय चालतं: लाउडस्पीकरची गाडी सकाळी ८ ते रात्री ८, त्यानंतर माइक बंद म्हणजे बंद. स्टेशनच्या बाहेर उभं राहून भाषण. नाव लिहिलेला पट्टा खांद्यावरून आडवा, हातात पांढरे हातमोजे. आणि पोस्टर, पण भिंतीवर वाट्टेल तिथे नाही, सरकार चौकाचौकांत लाकडी बोर्ड उभे करतं, त्यावर नंबर असलेले चौकोन असतात, ज्याला जो नंबर मिळाला त्याच चौकोनात त्याने आपलं एक पोस्टर चिकटवायचं. पहिल्या दिवशी सकाळी नंबर कळला की कार्यकर्ते नकाशा घेऊन सायकलवरून पळत असतात, वॉर्डभरातले शेकडो बोर्ड एका दिवसात गाठायचे म्हणून. आमच्या कोपऱ्यावरच्या बोर्डासमोर मी त्या वर्षी रोज थांबायचो. रांगेने सगळे जपानी चेहरे आणि मधेच एक आपल्याकडचा.

इंटरनेटवर प्रचाराला २०१३ पासून परवानगी आहे, पण त्यातही गंमत अशी की सामान्य मतदार सोशल मीडियावर आणि 'लाईन' या मेसेजिंग ॲपवर 'यांना मत द्या' म्हणू शकतो, तेच ई-मेलने पाठवलं तर गुन्हा. ई-मेलचा प्रचार फक्त उमेदवार आणि पक्षांनी करायचा.

खाऊ-पिऊ घालण्याबद्दल सांगायचं तर प्रचार कार्यालयात येणाऱ्याला चहा आणि चहासोबतचं नेहमीचं किरकोळ खाणं देता येतं. जेवण नाही, दारू तर नाहीच.

९. निवडणूक लढवायला पैसे किती लागतात?

अनामत रक्कम वॉर्ड असेंब्लीला ३ लाख येन. प्रांताच्या असेंब्लीला ६ लाख, गव्हर्नरला ३० लाख. एकूण वैध मतांना जागांनी भागायचं, त्याचा दहावा हिस्सा, एवढी तरी मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. वॉर्डात हा आकडा काही शेकड्यांतच येतो, म्हणजे जिवापाड अवघड नाही.

पोस्टर, गाडी वगैरे खर्चातला काही भाग ठराविक मर्यादेपर्यंत सरकार उचलतं. कार्यकर्ते बहुतेक बिनपगारी असावे लागतात, गाडीत बसून घोषणा करणाऱ्या बायका, ऑफिसचं लिखापढीचं काम करणारे अशा मोजक्याच लोकांना पैसे देता येतात. जपानी राजकारणात जुनी म्हण आहे की तीन 'बान' लागतात, जिबान, कानबान, काबान, म्हणजे हक्काचा प्रदेश, नावाची पाटी आणि पैशाची बॅग. बापजाद्यांकडून ज्यांना हे तिन्ही मिळालंय त्यांच्यासमोर परदेशात जन्मलेला माणूस पाचव्या नंबरवर येतो, ते काही छोटं नाही.

१०. ते कुठल्या पक्षात होते?

कॉन्स्टिट्यूशनल डेमोक्रॅटिक पार्टी, जपानीत 'रिक्केन मिन्शुतो', २०१७ मध्ये निघालेला, तेव्हाचा प्रमुख विरोधी पक्ष. त्याच पक्षाच्या तिकिटावर त्यांची उमेदवारी होती. बाकी वॉर्डाच्या राजकारणात बरेच जण अपक्षच असतात. योगींचा मुख्य मुद्दा हा होता की जपानी रहिवासी आणि परदेशी रहिवासी यांच्यात दुवा व्हायचं.

११. नागरिकत्व घेतलं म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडला?

सोडावाच लागतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि जपानही मोठ्या माणसाला दोन ठेवू देत नाही. जपानी नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट दूतावासात जमा करायचा, मग हवं तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घ्यायचं. ओसीआयवर भारतात येणं-जाणं-राहणं सोपं होतं, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे वडिलांची जमीन असलेल्यांना हा विषय फार जड जातो, मी स्वतः दोन घरांत यावरून रात्र-रात्र बोलणं ऐकलंय.

योगींनी घेतलं तेव्हाच्या नियमांत सलग ५ वर्षं वास्तव्य, चांगली वागणूक, पोट भरण्याची सोय या मुख्य अटी होत्या, आणि कागदपत्रांचा हा एवढा गठ्ठा. त्यात एक पान असतं, 'मला जपानी नागरिक का व्हायचंय', ते टाइप केलेलं चालत नाही, जपानीत स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं.

१२. परदेशात जन्मलेले पहिलेच नेते का ते जपानमधले?

भारतात जन्मलेले पहिले, हो. परदेशात जन्मलेले पहिले, नाही. फिनलंडचे मार्त्ती तुरुनेन, जपानी झाल्यावर त्सुरुनेन मारुतेई, १९९२ मध्ये युगावारा गावाच्या परिषदेवर आले आणि २००२ मध्ये थेट संसदेच्या वरिष्ठ सभागृहात पोचले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे अँथनी बियांकी इनुयामा शहराच्या परिषदेवर, कॅनडाचे जॉन हीस त्सुकुबाच्या. सगळ्यांची सुरुवात गाव-शहर पातळीवरूनच झाली, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलंच.

१३. तिथला नगरसेवक करतो काय? रस्ते-गटारं?

गटारं आणि पाणी टोकियो महानगराकडे, अग्निशमन पण त्यांच्याकडे. वॉर्डाकडे प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, पाळणाघरं, आरोग्य विमा, म्हाताऱ्यांची देखभाल, बागा, लहान रस्ते, रहिवासी नोंदणी आणि २००० पासून कचरा. असेंब्लीची नियमित अधिवेशनं वर्षाला चार, बाकी वेळ समित्यांचं काम. टोकियोच्या वॉर्डांत मानधन महिन्याला साधारण ६ लाख येनच्या आसपास.

नवीन आलेल्या भारतीय घराचं सगळं आयुष्य या यादीतच असतं हो. पोराला जपानी येत नाही तर शाळेत कुठे बसवायचं, पाळणाघराचा फॉर्म कळत नाही, कुठल्या वारी कुठला कचरा ठेवायचा. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला हे स्वतः भोगलेला एक माणूस असणं किती मोठी गोष्ट आहे, हे पहिल्या वर्षी वॉर्ड ऑफिसात नंबरचा कागद हातात धरून बसलेल्यालाच समजेल.

१४. एदोगावा पाण्याखाली जाणार असं ऐकलं, ते खरं?

भीती खरी आहे. वॉर्डाचा जवळपास ७० टक्के भाग भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे, एका बाजूला अराकावा, दुसरीकडे एदो नदी, खाली समुद्र. योगी निवडून आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे २०१९ मध्ये, वॉर्डाने पुराचा नवा नकाशा घरोघरी वाटला आणि त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाच्या नकाशावरच ठळक छापलं होतं की 'इथे थांबू नका'. स्वतःच्याच रहिवाशांना एवढं स्पष्ट सांगणारा नकाशा म्हणून देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं आणि लाखो लोकांना घर सोडायचा सल्ला निघाला. मोबाइल कर्कश्श वाजतोय, स्क्रीनवर सगळं जपानीत, आणि आमच्या मजल्यावरचं नुकतंच पुण्याहून आलेलं जोडपं मला विचारतंय की दादा हे काय लिहिलंय. त्या रात्रीनंतर 'बहुभाषिक माहिती' हा शब्द मला कधी पोकळ वाटला नाही.

१५. मग मुदत पूर्ण न करता पद का सोडलं? काही लफडं?

लफडं काही नाही. मुदत चार वर्षांची, २०२३ पर्यंत होती. ४ जुलै २०२१ ला टोकियो महानगर असेंब्लीची निवडणूक झाली आणि ती लढवायला ते एदोगावा मतदारसंघातून उतरले. जपानच्या कायद्याने एका असेंब्लीत बसून दुसरीचा अर्ज भरला की पहिलं पद आपोआप जातं. आपल्याकडे नगरसेवक राहून आमदारकी लढवता येते, इथे तशी सोय नाही, पाण्यात उडी मारायची तर काठ सोडायचा.

तिथे ते हरले. एदोगावाला त्या असेंब्लीत फक्त ५ जागा, म्हणजे ४४ ऐवजी ५, आता प्रश्न ५ चं गणित पूर्ण उलटं लावा. काही हजारांनी भागत नाही, कित्येक पट मतं लागतात आणि मोठ्या पक्षांच्या जुन्या लोकांशी सामना होतो. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं की अजून दोन वर्षं थांबायला हवं होतं. पण ते माझं मत.

१६. हरल्यावर त्यांनी काय केलं? राजकारण सोडलं का?

पराभवानंतर त्यांनी जे केलं ते मला निवडून येण्याइतकंच मोठं वाटतं. इबाराकी प्रांताने सरकारी शाळांसाठी बाहेरच्या क्षेत्रातले मुख्याध्यापक खुल्या भरतीने घ्यायला सुरुवात केली होती, त्यातून ते एप्रिल २०२२ मध्ये त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूलमध्ये उपमुख्याध्यापक झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये मुख्याध्यापक. ही काही साधी शाळा नाही, प्रांतातली नावाजलेली जुनी शाळा, तिची १९०४ ची जुनी इमारत राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक वास्तू आहे. अशा शाळेत सकाळच्या सभेला जपानी मुलांसमोर पुण्यात शिकलेला माणूस बोलायला उभा राहिला, हे डोळ्यासमोर आणून बघा.

१७. त्यांच्या निवडीने एदोगावात काही बदललं का?

एका माणसाने हे घडवलं असं म्हणणं चुकीचं ठरेल, आधीच्या लोकांची तीस-चाळीस वर्षांची मेहनत आहे (प्रश्न ३). पण वॉर्ड आणि भारतीय यांचं नातं आता उघडपणे मिरवलं जातं. २८ जुलै २०२४ ला एदोगावाच्या फ्रीडम प्लाझात महात्मा गांधींचा अर्धपुतळा बसला, परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अनावरण केलं आणि महापौर साइतो ताकेशी हजर होते. हे महापौर निवडून आले ते योगींच्याच दिवशी, २०१९ च्या एप्रिलमध्ये.

१८. माझ्याकडे पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) आहे, मी वॉर्डाला तरी मत देऊ शकतो ना?

नाही. १९९५ च्या २८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी रहिवाशांना मताचा हक्क राज्यघटना देत नाही, मात्र स्थानिक निवडणुकीपुरता तो कायदा करून द्यायला घटनेची आडकाठीही नाही. तसा कायदा आजवर झालेला नाही. नागरिक झालात तर वय १८ आणि त्या वॉर्डात किमान तीन महिने वास्तव्य, मग मत. उभं राहायचं तर वय २५, आणि तीन महिन्यांची अट तिथेही. महापौरपदाच्या उमेदवाराला मात्र वास्तव्याची अट नाही, बाहेरचा माणूसही उभा राहू शकतो.

१९. मत नाही तर देणगी देऊ? किंवा प्रचारात मदत करू?

देणगी अजिबात नको! परदेशी नागरिकाकडून राजकीय देणगी घेणं बेकायदेशीर आहे आणि अडचणीत तो नेता येतो. २०११ च्या मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री माएहारा सेइजी यांना याच कारणावरून राजीनामा द्यावा लागला, देणारी बाई ओळखीतली, जपानमध्येच रेस्टॉरंट चालवणारी, रक्कमही छोटी, तरी पद गेलं. प्रेमापोटी पाकीट द्यायची आपली सवय इथे कोणाच्या तरी जिवावर येईल.

प्रचारात बिनपगारी मदत मात्र परदेशी माणूस करू शकतो. पत्रकं वाटायला उभं राहा, पोस्टर लावा. फक्त १८ वर्षांखालच्या मुलांना सोबत घेऊ नका, त्यांना प्रचार करायला बंदी आहे.

२०. माझी मुलगी टोकियोत जन्मली, ती पुढे उभी राहू शकेल का?

फक्त जपानमध्ये जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील जपानी नागरिक असावे लागतात. दोघंही भारतीय असाल तर ती भारतीयच, मोठी होऊन तिने नागरिकत्व घेतलं तर तिला सगळे दरवाजे उघडे. प्रक्रिया प्रश्न ११ मध्ये आहे.

२१. म्हणजे नागरिकत्व घेतल्याशिवाय आम्ही काहीच करू शकत नाही?

करू शकता. असेंब्लीकडे अर्ज-विनंती करायला नागरिक असायची अट नाही, घटनेच्या १६ व्या कलमात विनंतीचा हक्क 'कोणत्याही व्यक्तीला' आहे. एखाद्या सदस्याने पुढे केलेला रीतसर अर्ज असतो त्याला 'सेइगान' म्हणतात, सदस्य न मिळाल्यास 'चिन्जो' करता येतो. शाळेच्या पालक संघात जाता येतं, सोसायटीच्या मंडळात जाता येतं, आणि खरं सांगतो, तिथे माणसं कमीच पडतात, पुढे होणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही.

आणि अधिवेशन बघायला कोणीही जाऊ शकतं, फुकट. मी गेलो होतो तेव्हा दारापाशी नाव लिहून घेतलं आणि आत सोडलं. प्रेक्षकांच्या बाकांवर आम्ही मोजून सहा जण होतो, पाच जपानी ज्येष्ठ नागरिक आणि मी. शेजारच्या आजींनी आपला विषयपत्रिकेचा कागद माझ्याकडे सरकवला आणि कुठला मुद्दा चालू आहे तिथे बोट ठेवलं.